डोळे थकतात ते अखंड कामाने

डोळे थकतात ही तक्रार आता घरोघरची झाली आहे, आणि तिच्यावरचे उत्तरही घरोघर एकच आहे. चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ काच मागा, मोबाइलवर पिवळसर उजेड लावा, दर वीस मिनिटांनी लांब बघा, थेंबांची एक बाटली जवळ ठेवा. या साऱ्या सल्ल्यांमागे एक समजूत आहे. त्रासाचे मूळ एक तर पडद्याच्या किरणांत आहे, नाही तर पडद्यापुढे बसणाऱ्याच्या बेशिस्तीत. म्हणून उपायही दोनच उरतात: काही तरी विकत घ्यायचे किंवा स्वतःला वळण लावायचे.

ही समजूत मला उथळ वाटते. माझे म्हणणे असे आहे की डोळ्यांचा शीण हा मुख्यतः न थांबता जवळचे बघत राहण्याचा शीण आहे, आणि माणूस न थांबता जवळचे का बघत राहतो, याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या कामाच्या घडणीत सापडते. त्यामुळे हा प्रश्न नेत्रतज्ज्ञाचा आहे तितकाच मालकाचा, कामगार खात्याचा आणि कायद्याचा आहे. तो चष्म्याच्या दुकानात नेऊन ठेवल्यामुळे ज्यांनी उत्तर द्यायचे ते मोकळे सुटले आणि ज्यांचे डोळे दुखतात त्यांच्यावरच दोष आला.

१. डोळ्यात नेमके काय घडते

आधी शरीर समजून घेऊ, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

लांबचे बघताना निरोगी डोळा विसावलेला असतो. जवळचे स्पष्ट दिसायला हवे असेल तर भिंगाभोवतीचा बारीक स्नायू आवळतो, भिंग फुगते आणि दोन्ही डोळे किंचित नाकाकडे वळतात. वस्तू जितकी जवळ तितके हे श्रम जास्त. अर्ध्या मीटरवरच्या मॉनिटरसाठी डोळ्याला २ डायऑप्टरचे बळ लावावे लागते, ३३ सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी ३, आणि अंथरुणात कुशीवर पडून २० सेंटिमीटरवर आणलेल्या मोबाइलसाठी ५. दंडाचा स्नायू तासभर आवळून धरला तर तो दुखेल हे कुणालाही पटते. डोळ्याचा स्नायू दिसत नाही, म्हणून त्याच्याबाबत ते सुचत नाही.

दुसरी गोष्ट पापणीची. डोळ्यावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर असतो. पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलाची साय असते आणि हे तेल पापणीच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येते. प्रत्येक उघडझापीने ते थोडे पिळले जाते आणि डोळ्यावर सारखे पसरते. उघडझाप कमी झाली की थर जागोजागी फाटतो, बुबुळ उघडे पडते, चुरचुर सुरू होते आणि अक्षरे धूसर दिसू लागतात. डोळे मिटून उघडले की क्षणभर पुन्हा स्पष्ट दिसते, कारण फाटलेला थर नव्याने सांधला जातो.

१९९३ मध्ये त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. निवांत बसलेली माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववत होती, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचताना ७ वेळा. हे आकडे उद्धृत करणारे बहुतेक लोक २२ आणि ७ एवढेच सांगतात. मला मधला १० महत्त्वाचा वाटतो. सर्वांत मोठी घसरण कागदी पुस्तक हातात घेताच होते, तिथे कुठलेही किरण नसताना. पुढे २०१४ मध्ये चू, रोझनफिल्ड आणि पोर्टेलो यांनी तोच मजकूर कागदावर आणि पडद्यावर, बाकी सारे सारखे ठेवून वाचायला दिला. तेव्हा उघडझापीच्या संख्येत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. पडद्यापुढे अर्धवट उघडझापी मात्र जास्त आढळल्या, म्हणजे वरची पापणी निम्म्यावर येऊन परत गेली. लक्ष लागले की पापणी थबकते. पडद्याचे वैशिष्ट्य एवढेच, की तो लक्ष सुटू देत नाही.

२. निळ्या प्रकाशावरचा आरोप

पडद्यातल्या निळ्या प्रकाशाने डोळे थकतात, हा आरोप थोडक्यात निकालात काढता येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ नियंत्रित चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा ताण निदान अल्पकाळात तरी कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. याच आढाव्याच्या लेखकांनी सांगितले की पडद्यासारख्या कृत्रिम स्रोतांकडून डोळ्यात येणारा निळा प्रकाश दिवसाच्या नैसर्गिक उजेडातल्या निळ्या प्रकाशाच्या सुमारे एक हजारांश असतो, आणि या काचा त्यातलाही १० ते २५ टक्केच अडवतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी असे चष्मे सुचवत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ मध्ये जनरल ऑप्टिकल कौन्सिलने बूट्स ऑप्टिशियन्स या मोठ्या साखळीला अशा काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ४०,००० पौंडांचा दंड केला होता.

रात्री उशिरापर्यंतच्या झगझगीत उजेडाचा झोपेशी संबंध आहे, पण तो वेगळा विषय आहे. संध्याकाळी पाच वाजता दुखणाऱ्या डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुकानदार या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि ज्या माणसाला खरे तर नंबर तपासून घ्यायची गरज होती तो जास्तीचे पैसे मोजून निश्चिंत होतो.

३. वीस-वीस-वीस: चांगला सल्ला, अपुरा आधार

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघा, हा नियम जेफ्री अँशेल या कॅलिफोर्नियातल्या दृष्टितज्ज्ञाने १९९० च्या दशकात लक्षात राहावा म्हणून बांधला. दिशा बरोबर आहे, कारण लांब बघितले की स्नायू सुटतो. पण तिन्ही वीस सोयीसाठी निवडलेले आहेत. जॉन्सन आणि रोझनफिल्ड यांनी लोकांना ४० मिनिटांच्या पडद्यावरच्या कामात ५, १०, २० मिनिटांनी २० सेकंदांची विश्रांती देऊन आणि अजिबात न देऊन पाहिले. त्रासाच्या लक्षणांत उल्लेखनीय फरक पडला नाही. दुसरीकडे, स्पेनमधल्या संशोधकांनी संगणकावरच आठवण करून देणारी व्यवस्था दोन आठवडे बसवली, तेव्हा लक्षणे कमी झाली. आठवण बंद केल्यावर आठवड्याभरात तो फायदा टिकला नाही.

या दोन निष्कर्षांतून मी असा अर्थ काढतो: वीस सेकंद फार थोडे असावेत, आणि विश्रांती माणसाच्या स्मरणावर सोडली तर ती घेतली जात नाही. ज्या लक्षामुळे पापणी थबकते, त्याच लक्षामुळे नियमही विसरतो. कामात बुडालेल्या माणसाला ‘स्वतःच लक्षात ठेवून उठ’ असे सांगणे म्हणजे जी शक्ती कामाने आधीच वापरून टाकली आहे तीच पुन्हा मागणे.

आणि वीस फूट आणायचे कुठून? दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात बघितले तरी सोळा फूट भरत नाहीत. मुंबईत घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या खिडकीपुढे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत असते. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत मधल्या रांगेत बसणाऱ्याला खिडकीच दिसत नाही. नियम पाळायला जागा लागते, आणि जागा कुणाला मिळते हा सामाजिक प्रश्न आहे.

४. पडद्याने कामातले थांबे काढून घेतले

आता मुख्य मुद्दा. डोळ्यांचे कष्ट पडद्याबरोबर आले नाहीत. मोदेनाचा वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, त्यात बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवर एक प्रकरण आहे. त्याने चष्मा सुचवला आणि त्याबरोबर मान सतत वाकवू नये, अधूनमधून काम खाली ठेवून नजर दुसरीकडे वळवावी, शक्य तर काही तास सुट्टी घ्यावी, असे सांगितले. तीनशे वर्षांपूर्वीच्या या सल्ल्यात आजही बदलण्यासारखे फारसे काही नाही. आपल्याकडचे सोनार, जर भरणारे कारागीर, छापखान्यातले खिळे जुळवणारे आणि मुद्रितशोधक यांना हा शीण परिचयाचा होता.

मग नवे काय? नवे हे, की कागदावरच्या कामात विश्रांती कामाच्या आतच विखुरलेली होती. तलाठ्याला एखाद्या गटाचा सातबारा द्यायचा तर उठून कपाट उघडायचे, दप्तराचे गाठोडे काढायचे, गाठ सोडायची, जीर्ण पाने जपून उलटायची, उतारा हाताने लिहायचा, शिक्का मारायचा. या प्रत्येक टप्प्यावर नजर जवळून लांब आणि लांबून जवळ जात होती. कारकून फाइल घेऊन साहेबांच्या टेबलापर्यंत चालत जाई. बँकेतला कर्मचारी लेजर आणायला उठे आणि काउंटरवरच्या माणसाकडे मान वर करून बघे. कुणी या हालचालींना डोळ्यांची विश्रांती म्हटले नाही, कारण तसे म्हणायची गरजच पडली नाही.

पडद्याने या सगळ्या क्रिया एका काचेवर आणल्या. कपाट, फाइल, साहेब, ग्राहक, टपाल, पंचांग, हिशेबाची वही, सगळे त्याच पन्नास सेंटिमीटरवर. कामाचा वेग वाढला हे खरे आणि त्याचे फायदे मी नाकारत नाही. सातबाऱ्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत ही मोठी गोष्ट आहे. पण वाचलेला वेळ काम करणाऱ्याला परत मिळाला नाही. तो आणखी अर्जांनी भरला. आठ तासांचे काम आठच तासांचे राहिले, फक्त त्यातले न मोजलेले थांबे नाहीसे झाले.

जूनमध्ये प्रवेशांच्या दिवसांत एखाद्या ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त थोडा वेळ उभे राहून बघा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अशी रांग दाराबाहेर गेलेली असते. चालक आधार कार्डावरचे बारीक आकडे वाचतो, पडद्यावर भरतो, मोबाइलवर आलेला ओटीपी बघतो, पुन्हा पडद्याकडे वळतो. कार्ड, मोबाइल, मॉनिटर, अशी तीन जवळची अंतरे आणि लांबचे एकही नाही. मिनिटभर त्याच्या पापण्यांकडे लक्ष दिले तर वरची पापणी अर्ध्यातून परत जाताना दिसते. संकेतस्थळ अडकले की मगच तो चष्मा काढून तळव्यांनी डोळे चोळतो. त्याचे उत्पन्न अर्जांच्या संख्येवर ठरते. त्याला वीस-वीस-वीस सांगणारा माणूस त्याच्या कमाईबद्दल काही बोलत नसेल, तर तो सल्ला अर्धाच आहे.

५. जागेची घडण

कामाची घडण म्हणताना त्यात जागाही येते. इथे थोडे बदल खूप काही साधतात आणि ते करणे बहुतेक वेळा नोकराच्या हातात नसते.

पडदा बंद करा आणि काळ्या काचेत काय दिसते ते पाहा. मागची खिडकी, डोक्यावरची ट्यूबलाइट किंवा पांढरा शर्ट दिसत असेल, तर दिवसभर तुमचा डोळा अक्षरांवर पडलेल्या त्या प्रतिबिंबाशी झगडत असतो. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवला की बहुतेक प्रतिबिंब जाते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली हवी. नजर वर असली की पापण्यांमधली फट रुंदावते आणि अश्रू लवकर सुकतात; खाली झुकलेल्या नजरेत डोळ्याचा बराच भाग झाकलेला राहतो. एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर थेंबांच्या कितीही बाटल्या पुरणार नाहीत, आणि झोताची दिशा बदलायला खर्च येत नाही.

चाळिशी लागलेल्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यांचा त्रास हमखास चुकीच्या खात्यात नोंदला जातो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. समोर उभा असलेला मॉनिटर त्या भागातून बघायचा तर हनुवटी वर करावी लागते, आणि तशी आठ तास धरली की संध्याकाळी मान आणि डोक्याचा मागचा भाग ठणकतो. त्यावर उपाय आहे: मॉनिटरचे अंतर टेपने मोजायचे, तो आकडा डोळे तपासणाऱ्याला सांगायचा आणि फक्त त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यायचा. थोडासा तिरपा नंबर, जो रस्त्यावर चालताना जाणवतही नाही, तोही पडद्यापुढे डोकेदुखी देतो.

एक सावधगिरीही सांगतो. प्रत्येक तक्रार शीण म्हणून सोडून देऊ नये. एकाच डोळ्याला अचानक अंधुक दिसणे, प्रकाशाचे लखलखाट, तीव्र वेदना, यांसाठी लगेच डॉक्टर गाठावा. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: लोक फुरसतीतही तासन् तास मोबाइल बघतात, मग कामाला दोष का? यात तथ्य आहे आणि मी ते टाळत नाही. फुरसतीतला मोबाइल डोळ्याच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून तासामागे त्याचा भार मॉनिटरपेक्षा जास्तच. तिथली जबाबदारी आपली, घरच्यांची आणि मुलांच्या बाबतीत आईवडिलांची आहे. मुलांचे तर आणखी वेगळे: त्यांच्या डोळ्यांची वाढ चालू असते, जवळचे काम आणि उघड्यावर कमी वावर यांचा जवळच्या दृष्टीशी, म्हणजे मायनस नंबराशी संबंध आहे, आणि तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाला १२० मिनिटे बाहेर नेण्याचा कार्यक्रम त्यासाठीच चालवला. पण फुरसतीत माणूस डोळे दुखले तर मोबाइल ठेवू शकतो. कामात ठेवता येत नाही. जिथे ठेवता येत नाही तिथेच नियम लागतात.

दुसरा आक्षेप मालकांचा: थांबे दिले तर काम मागे पडेल. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेतल्या गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी डेटा-एन्ट्री करणाऱ्यांवर हे तपासले आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज ज्या तासांत सुट्टी नव्हती त्यांत पाच मिनिटांचा थांबा दिला, दिवसाला एकूण २० मिनिटे. डोळ्यांचा ताण आणि अंगदुखी कमी झाली आणि कामाचे प्रमाण घटले नाही. थकलेला डोळा चुका करतो, पुन्हा वाचतो, ओळ चुकतो. तो वेळ हजेरीपटावर दिसत नाही इतकेच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: शीण म्हणजे इजा नव्हे, रात्रीच्या झोपेने तो जातो, मग त्यासाठी कायदा कशाला? प्रौढ माणसाचे डोळे पडद्याने कायमचे निकामी होतात असे मीही म्हणत नाही. पण कामगार कायद्याने कधीच फक्त इजेचा विचार केला नाही. जेवणाची सुट्टी, बसायला स्टूल, प्यायचे पाणी, हे सारे माणसाने दिवस सुसह्यपणे काढावा म्हणून दिले गेले. आणि डोळे थकलेले घेऊन घरी जाणारा माणूस मुलाचे पुस्तक वाचून दाखवत नाही, रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी दिपतो. त्याच्या दिवसातला स्वतःचा भागही कामानेच खाल्लेला असतो.

७. कायद्याने एकदा हे पाहिले होते

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १७व्या कलमात उजेडाची सोय कशी असावी ते सांगितले होते. दिव्यांची किंवा गुळगुळीत पृष्ठभागावरून परावर्तित होणारी तिरीप टाळावी आणि डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या पडू देऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. स्वातंत्र्यानंतर साधारण वर्षभरात डोळ्यांचा ताण ही मालकाची जबाबदारी मानली गेली होती. पण कारखान्याबाहेर, कचेऱ्या आणि दुकाने सांभाळणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली गेली. यंत्रापुढच्या किंवा काउंटरवरच्या कामासाठी ते माप ठीक असेल. सलग पाच तास पन्नास सेंटिमीटरवर नजर ठेवणाऱ्यासाठी ते माप नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा आस्थापनांतले कामाचे तास दिवसाला ९ वरून १० करायला मंजुरी दिली. त्या चर्चेत डोळे कुठे आले असल्याचे मला दिसले नाही.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत ऑनलाइन वर्गांना मर्यादा घातली होती: पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे, नववी ते बारावीसाठी चार. म्हणजे पडद्याला वेळेचे माप लावता येते हे सरकारला मान्य आहे. अठरा पूर्ण होऊन मूल नोकरीला लागले की माप नाहीसे होते.

बाहेर पाहिले तर युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशात दोन गोष्टी आहेत. पडद्यावरचे काम ठराविक काळाने थांबेल किंवा बदलेल अशी आखणी मालकाने करायची, आणि कर्मचाऱ्याची डोळ्यांची तपासणी व पडद्यासाठी लागणारा खास चष्मा याचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकायचा नाही. ब्रिटनने १९९२ मध्ये त्यावरून नियम केले. त्याच सुमारास, डिसेंबर १९९० मध्ये, सॅन फ्रान्सिस्को शहराने पडद्यापुढे सलग काम करणाऱ्यांना दर दोन तासांनी १५ मिनिटांचा थांबा देणारा नियम केला. १९९२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, कारण असा कायदा करणे राज्याच्या अखत्यारीत येते, शहराच्या नव्हे. तेव्हा हा प्रश्न कामगारांचा म्हणून लढवला जात होता. नंतर तो ग्राहकाचा झाला आणि काचेवरच्या लेपात जाऊन बसला.

महाराष्ट्रात सुरुवात सरकारला स्वतःच्या कचेऱ्यांतून करता येईल. संगणक चालक ठेकेदारामार्फत नेमताना निविदेत टंकलेखनाचा वेग आणि एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागितले जाते. त्याच निविदेत तीन अटी घालता येतील. ज्या तासात दुसरी सुट्टी नाही त्यात पाच मिनिटांचा थांबा, आणि तो कामाच्या वेळेत धरला जावा. नेमणुकीच्या वेळी आणि नंतर दरवर्षी डोळ्यांची तपासणी, मॉनिटरच्या अंतराचा चष्मा लागला तर त्याचे पैसे ठेकेदाराने द्यावेत. आणि कचेरीची मांडणी करताना खिडकी मॉनिटरच्या मागे किंवा चालकाच्या पाठीशी न येता बाजूला येईल असे बघावे. सेवा केंद्रांसाठी प्रवेशांच्या महिन्यांत अर्जामागचा मोबदला इतका तरी असावा, की चालकाला दुसरा माणूस बसवून आळीपाळीने काम करणे परवडेल.